ताणाच्या दिवसांतलं ठाणं

परवा मोहगावच्या रस्त्यानं स्कूटीवर जात होते. दोन्ही अंगांना संत्र्याच्या बागा, आणि सगळ्या तहानलेल्या. आंबिया बहाराची फळं उतरली की आमच्याकडे झाडांचं पाणी तोडतात. याला ताण देणं म्हणतात. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, गळतात. शेतकरी रोज बागेत जातो, झाडाकडे बघतो, आणि पाणी न देता परत येतो. मग जानेवारीत कधीतरी पाणी सोडतात, आणि थोड्याच दिवसांत झाड फुलांनी भरतं. बाहेरून येणाऱ्यांना त्या फुलांचा वास फार आवडतो. मला आठवतात ते त्याच्या आधीचे दिवस. झाडं जिवंत असतात, पण तसं दिसत नाही. बागेत पाखरू बोलत नाही. आपल्याच पावलाखाली पान चुरतं आणि आपणच दचकून मागे पाहतो.

माझे बाबा पोलिसात होते, पण शेतकऱ्याच्या घरचे. ते म्हणत, "झाडाले वाटते, आता आपण मरतो. म्हणून ते घाबरून फुलते." हे ते कौतुकानं सांगत. लहानपणी मलाही त्याचं कौतुक वाटे.

सौंसरला माझं शिवणकामाचं दुकान आहे. शाळेचे युनिफॉर्म, ब्लाउज, पिको-फॉल. तीन-चार वर्षांपूर्वी अशाच ताणाच्या दिवसांत दुकानात एक तरुण मुलगा आला आणि हिंदीत म्हणाला, पोलिसांचे कपडे दुरुस्त करून द्याल का? मला वाटलं नवी भरती झाली असेल. तो सिनेमावाला निघाला. मोबाइलवर भागाभागानं दिसणारी एक मालिका ते काढत होते. विषय, एक छोटं ठाणं आणि तिथली खाणारी-पिणारी पोलीस मंडळी. तो स्वतः दिग्दर्शक होता. वय एवढं कमी, की मी आधी त्याला चहा आणायला पाठवलेला पोरगा समजले.

गावाबाहेर रस्त्याला लागून एक बंद पडलेलं कापसाचं जिनिंग आहे. त्याच्या आवारात त्यांनी प्लायवूडचं ठाणं उभं केलं. पिवळ्या भिंती, खाली लाल पट्टा, दारावर एका नसलेल्या गावाच्या नावाचा बोर्ड. आत टेबल, बाक, माठ, बंद पडलेलं घड्याळ आणि कोपऱ्यात लॉकअप. लॉकअपच्या भिंतीवर त्यांनी मेहनत घेऊन डाग पाडले होते. डोकं टेकून टेकून भिंत तेलकट होते तसा एक डाग, बसलेल्या माणसाच्या उंचीवर. त्या डागाकडे मला बघवेना. तिथे कोणीही कधीही बसलं नव्हतं, तरी.

लोकांची मजा झाली. पहिल्या दिवसापासून मोटरसायकलवाले त्या वळणावर वेग कमी करू लागले. एक ट्रॅक्टरवाला दुकानात विचारून गेला, "ताई, हा ठाणा कधी टाकला वो सरकारनं?"

"सिनेमाचा हाय तो. खोटा."

"खोटा का असेना, पोलीस तं दिसून राहिले ना बाप्पा. लायसन घरी राहिलं माह्यं." आणि तो खरंच शेतातल्या पायवाटेनं वळसा घालून गेला.

आवाराच्या फाटकाशी कोणीतरी संत्र्यांची पिशवी ठेवून गेलं. कोणी ठेवली, कशासाठी ठेवली, काही कळलं नाही. सिनेमावाल्यांना वाटलं, गावातली माणसं किती प्रेमळ. ठाण्याच्या दाराशी संत्री कोण ठेवतं आणि का ठेवतं, हे मी लहानपणापासून बघत आले होते.

मालिकेत एक दीवानजी होता. आमच्याकडे मध्य प्रदेशात हेड कॉन्स्टेबलला दीवानजी म्हणतात; बाबाही तेच. रपट, म्हणजे तक्रार, लिहायची ती दीवानजीनं. त्या भूमिकेसाठी नागपूरचा एक नट आला होता. नाटकातून काम केलेला, चाळिशीचा, गोड बोलणारा. गणवेश शहरातून भाड्यानं आलेला, त्याला ढगळ होत होता. मी मापं घेतली, रात्रीतून शिवून दिला, आणि दुसऱ्या दिवशी त्यानं घातला तेव्हा तो डावीकडे झुकलेला दिसला.

"ताई, खांदा ओढून राहिला," तो म्हणाला.

मी जवळ जाऊन पाहिलं. शर्टाचा डावा खांदा मी खाली उतरवला होता. बाबांचा डावा खांदा पडलेला होता. मी टेप गळ्यात घालायला लागले तेव्हापासून त्यांचा प्रत्येक शर्ट मीच बेतायचे. माझ्या हातांनी मला न विचारता तेच माप कापलं होतं. बाबांना जाऊन तोवर काही वर्षं झाली होती.

"उसवून देते," मी म्हणाले.

"नको, राहू द्या," नट म्हणाला. तो डावीकडे कलला तसाच दोन पावलं चालला, वळला, परत आला. "याच्यात माणूस हाय एक." 

मला ते आवडलं नाही. पण मी कपडे शिवते, कपड्यांत कोण शिरतं ते बघणं माझं काम नाही.

मग तो दुकानात येऊन बसू लागला. दीवानजी खुर्चीत कसा बसतो, पान कुठल्या गालात ठेवतो, साहेब आला की किती उठतो. मी सांगायची. पूर्ण उठत नाही, उठल्यासारखं करतो. नट लगेच करून दाखवायचा. मी म्हणायची, तेवढं नाही, त्याहून कमी. तो कमी करायचा. अशी एकेक गोष्ट मी त्याला दिली, जशी बाई बोहारणीला जुने कपडे काढून देते. घरातली अडगळ कमी झाली तर बरंच, असा माझा हिशेब होता.

निवृत्तीनंतर बाबा टीव्हीवर पोलिसांचे सिनेमे फार बघायचे. प्रामाणिक इन्स्पेक्टर आला की हसायचे. "टोपी घालून एकटा गोडाऊनमध्ये शिरून राहिला! याची बायको याले काही म्हणत नाही काय?" लाचखाऊ पोलीस आला की मात्र ते हसत नसत. पुढे सरकून बसत. एकदा म्हणाले, "हा खोटा हाय. एवढ्या मोठ्यानं कोण बोलते? घेणारा माणूस हळू बोलते." आई आतून म्हणाली, "तुम्हाले बराच अनुभव!" ते हसले. मग आईही हसली. आमच्या घरी हा विनोद चालायचा. विनोदात तो विषय बसून राहायचा, पाहुण्यासारखा, आणि कोणी त्याला ऊठ म्हणत नसे.

बाबा मारत नव्हते. हे मी त्यांच्या बाजूनं सांगत नाही, जसं होतं तसं सांगते. लॉकअपमध्ये कोणाला मारायचं असलं की ते चहाला बाहेर जात. सगळं झालं की परत येत आणि त्या माणसाला स्वतःच्या हातानं पाणी पाजत. त्यामुळे मार खाल्लेली माणसं त्यांना दुवा देत. बाजारात पाया पडणारी माणसं मी पाहिली आहेत. बाबांना पाणी पाजताना चांगलं वाटत असणार यात मला शंका नाही. आणि चहाला जातानाही त्यांचा हात थरथरला नसणार.

सिनेमातल्या अशा माणसाला शेवटी एक संधी मिळते. आयुष्यभर खातो आणि शेवटच्या भागात एखाद्या मुलीला वाचवताना गोळी खातो. आमच्या मालिकेतला दीवानजीही तसाच मरणार होता. दिग्दर्शकानं मला मोठ्या आशेनं विचारलं, "ताई, तुमच्या बाबांनी असं केलं असतं?"

"माझ्या बाबांनी त्या दिवशी मेडिकल रजा टाकली असती," मी सांगितलं.

तो हिरमुसला. पण मला खरंच तसं वाटतं. पडद्यावर तागडी असते. एका पारड्यात खाल्लेलं, दुसऱ्यात एक गोळी, आणि काटा मधोमध येतो. आपण डोळे पुसून घरी जातो. घरात तागडी नसते. ज्याला पाणी मिळालं तो एक माणूस, ज्याला परत पाठवलं तो दुसरा. पहिल्याची दुवा दुसऱ्याच्या नावावर जमा होत नाही. ते दोघं एकमेकांना ओळखतही नाहीत.

एक दिवस त्यांना विचारायचं होतं की तक्रार करायला आलेली बाई ठाण्यात कशी येते. मी सांगितलं, कागद घेऊन येते. त्यांना कळेना. आमच्याकडे तेव्हा ठाण्यात रपट लिहायची तर कागदाचा दस्ता आणि कार्बन तक्रारदारानं आणायचा. सरकारी कागद संपलेलाच असे. बाबांचं एक वाक्य होतं, "कागद घेऊन ये, मंग पाहू." माणूस दुकानात जाई. बाजार बंद असला तर दुसऱ्या दिवशी येई. मधल्या वेळात कोणाकडून कोणाला निरोप जाई, कोणी गाव सोडे, कोणी समजूत काढे. कागद येईपर्यंत पुष्कळ रपटांची गरजच संपलेली असे. कधी कधी त्यात भलंही होई. नवराबायकोचं भांडण तेवढ्या अवधीत निवे. बाबा म्हणत, "म्या कोणाले नाही म्हटलं नाही." ते खरं होतं.

दिग्दर्शकाला हे फार आवडलं. नटानं ते वाक्य घोकलं. मी आवाज उतरवायला सांगितला. अजून. अजून खाली. आणि एकदा त्या प्लायवूडच्या खोलीत ते वाक्य असं काही आलं की माझ्या हातातली सुई थांबली. भर दुपार होती, बाहेर ऊन होतं. नटानं समोरचा कागद सरळ केला आणि लिहिण्याआधी त्याच्यावर हळूच फुंकर मारली.

बाबा तसंच करायचे. नसलेली धूळ उडवायचे. पण हे मी त्याला सांगितलं नव्हतं. माझ्या स्वतःच्याही ते लक्षात नव्हतं.

मी शॉट संपायची वाट पाहिली आणि विचारलं, "ती फुंकर कोणी शिकवली तुम्हाले?"

"कोणी नाही, ताई. तुम्ही मारता ना, कापडाले कात्री लावायच्या आधी."

त्यानंतर कितीतरी दिवस मी कात्री लावताना ओठ घट्ट मिटून घ्यायची.

माझी आई तेव्हाही माझ्याजवळच राहायची. तिला गुडघ्यांचा त्रास, घराबाहेर फारसं पडणं नाही. एकदा नट ट्रायलसाठी घरी आला, गणवेशातच. दारात त्याच्या बुटांचा आवाज झाला आणि आतल्या खोलीत तांदूळ निवडत बसलेल्या आईनं डोक्यावर पदर घेतला. वर न बघता म्हणाली, "जेवता का आत्ताच?" मग तिनं वर पाहिलं. नट गेल्यावर ती मला म्हणाली, "त्याले पुन्हा घरात आणू नको." थोड्या वेळानं म्हणाली, "खांदा तुवा शिवला का तसा?" मी हो म्हटलं. तिनं तांदळाचं ताट बाजूला सरकवलं, आणि त्या दिवशी ते तसंच राहिलं.

पंचफुलाबाई आली तो दिवस ढगाळ होता. वारा सुटला होता, आणि बागांतली गळालेली पानं रस्ता ओलांडून जिनिंगच्या आवारात येऊन पडत होती. मी दारात उभी राहून एका पँटची तुरपाई उसवत होते. आत नट टेबलाशी बसला होता, कॅमेरावाले दिवे लावत होते. साठीच्या पुढची एक बाई फाटकातून आत आली. वाळलेली, काटक, पांढऱ्या सुती लुगड्यातली. तिनं पायरीखाली चपला काढल्या. माझ्या जवळून आत गेली आणि टेबलासमोर हात जोडून उभी राहिली.

"जय भीम, दीवानजी. कागद आणला."

तिनं पिशवीतून कागदाचा दस्ता काढून टेबलावर ठेवला. त्यावर कार्बनचे निळे-काळे कागद, एका जुन्या कॅलेंडरच्या पानात नीट गुंडाळलेले.

सगळे थांबले. दिग्दर्शकाला वाटलं, ही त्यानंच बोलावलेली नटी. मग त्याला कळलं की नाही, आणि तरी त्यानं कॅमेरावाल्याला हातानं चालू ठेव म्हणून खूण केली. नट गणवेशात होता, खांदा पडलेला होता, आणि तो बाबांच्या आवाजात म्हणाला, "बस, बाई. कोणाची रपट?"

"भावाची. नामदेवची. तुम्हाले सांगतली होती ना मी. बागेत राखण करे तो. मालकाची विहिरीवरची मोटर चोरीले गेली, तं यालेच धरलं मालकाच्या माणसायनं. बागेतच मारलं. दुसऱ्या दिवशी पाहाले गेली तं बागेत बी नाही, घरी बी नाही. ताणाचेच दिवस होते, दीवानजी. पानं पडली होती सारी, त्याच्यात घसटल्याची खूण दिसून राहिली होती विहिरीच्या अंगानं. म्या तुम्हाले सांगतलं, चालून पाहा. तुम्ही म्हणलं, कागद घेऊन ये. म्या आणला दुसऱ्या दिवशी. तं तुम्ही म्हणलं, आता कायले, तो पळून गेला, सापडन."

नटानं दस्त्यावरचा पहिला कागद ओढला. सरळ केला. फुंकर मारली. आणि मग तो थांबला.

त्याला पुढचं वाक्य येत नव्हतं. मी त्याला बाबांचं सगळं दिलं होतं, बसणं, उठणं, आवाज. पण एकदा परत पाठवलेल्या बाईची रपट लिहून घेताना त्या माणसानं काय म्हणावं, हे माझ्याकडेच नव्हतं. ते वाक्य बाबांनी कधी उच्चारलंच नव्हतं. नटानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. दिग्दर्शकानं माझ्याकडे पाहिलं. टेबलामागे बाबा बसले होते आणि मुलीला विचारत होते, आता काय बोलू?

मी आत गेले. "मावशी," मी म्हटलं, "हा खरा ठाणा नाही. सिनेमा हाय."

तिनं माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "मले दिसते ना वो. भिंत हलून राहिली वाऱ्यानं."

"मंग काहून आली तू?"

"माणूस तं तोच हाय. रोडवरून पाहिला म्या परवा, चालताना. मेला म्हणून ऐकलं होतं. म्हटलं, आला असन वापस. लोक येतात कधी कधी."

हे तिनं अगदी साधं सांगितलं, दूध नासलं म्हणून सांगावं तसं. नटानं टोपी काढली. "मावशी, मी नाटकातला माणूस आहे. नागपूरचा. मी तो नाही."

पंचफुलाबाईनं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तसं बी असन," ती म्हणाली. "तो बी नाटकच करे."

बाहेर आल्यावर मी तिला पाणी दिलं आणि मी कोण ते सांगितलं. सांगितलं नसतं तर चाललं असतं, पण मला अर्धवट कामं आवडत नाहीत. ती बराच वेळ माझ्या हनुवटीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हो, हाय थोडी त्याच्यावाणी."

तिला काय हवं होतं ते मी विचारलं. पैसे नको होते. त्या बागेचा मालक मेला होता, मुलांनी जमीन विकली होती, विहीर बुजली होती. तिला फक्त ते लिहून हवं होतं. नामदेव नावाचा माणूस होता आणि तो हरवला, एवढं. "मतदार यादीतून त्याचं नाव कटलं. राशनवरून कटलं. माह्या मांग कोणी म्हणन का, असा माणूस होता म्हणून? पळून गेला, असंच म्हणतीन. चोर होता म्हणून पळाला." ती या भागातल्या दोन ठाण्यांत जाऊन आली होती. इतकं जुनं कसं लिहायचं, म्हणून तिला समजावून परत पाठवलं होतं. समजावणारे चांगले होते, असंही ती म्हणाली.

दिग्दर्शक माझ्या मागेमागे फिरत होता. "ताई, ये सोना है. ऐसा कोई लिख नहीं सकता. चेहरा धुंधला कर देंगे." मी म्हणाले, माझ्यासमोर पूस, नाहीतर उद्यापासून उघड्या शिवणीनं फिरा सगळे. त्यानं मला दाखवून पुसलं. खरंच पुसलं की नाही, त्याचं तो जाणे. मालिका पुढच्या वर्षी आली, त्यात ती बाई नव्हती. दीवानजी मात्र आहे. शेवटी गोळी खाऊन मरतो. आमच्या गावातली पोरं अजून त्याच्यासारखं खांदा पाडून चालून दाखवतात आणि मी दुकानाच्या दारातून बघते. कोणाच्या बापाची चाल ती, हे त्यांना ठाऊक नाही.

त्या संध्याकाळी मी आईला नामदेवबद्दल विचारलं. तिला लगेच आठवलं. इतक्या लगेच, की जणू ते तिच्या हाताशीच होतं.

"साहेबाचा हुकूम होता, लिहायचं नाही म्हणून. यायनं काय करावं? नाही म्हणणं यायले जमत नव्हतं, ना साहेबाले, ना तिले. दोन दिवस धड जेवले नाहीत."

"आणि त्या वर्षी आपल्याकडे एवढी संत्री कुठून आली?"

आई गुडघे चोळू लागली. मला ती संत्री आठवत होती. अंगणात ढीग होता. गोड होती, आणि संपता संपत नव्हती.

"मी उद्या तिच्यासंगं ठाण्यात जाऊन राहिली," मी म्हणाले. "विचारलं तर बाबांचं नाव सांगीन."

"मेलेल्या माणसाले ठाण्यात नेऊन राहिली तू," आई म्हणाली.

"तो रोजच जाऊन राहिला ना, तिथं, जिनिंगात. एक दिवस खऱ्यात जाईल."

आईनं मला अडवलं नाही. पण सकाळी मी निघाले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडून होती, आणि मी हाक मारली तरी वळली नाही. ती नंतर पुष्कळ दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. त्याचं मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण तिचा नवरा होता, तिनं तेवढं करणं बरोबरच होतं.

कोणत्या ठाण्यात गेलो ते इथे लिहायचं कारण नाही. तिथे आता सगळं बदललं आहे. टेबलावर कॉम्प्युटर आणि त्याच्यामागे एक तरुण महिला कॉन्स्टेबल, माझ्याकडे युनिफॉर्म शिवायला येणाऱ्या शाळेच्या पोरींएवढीच वाटणारी. आधी तिनंही तेच सांगितलं, इतकं जुनं कसं घ्यायचं. मी म्हटलं, घ्यायचं नसेल तर नाही म्हणा, तसं लिहून द्या, आम्ही ते घेऊन वर जाऊ. तिनं आत जाऊन साहेबांना विचारलं. परत आली आणि खुर्ची पुढे ओढून बसली.

नाव, बापाचं नाव, जात, गाव. पंचफुलाबाई एकेक सांगत गेली.

"एवढी वर्षं रपट का नाही केली, आजी?"

पंचफुलाबाईनं माझ्याकडे पाहिलं, आणि मग टेबलाकडे बघत म्हणाली, "राहून गेलं, पोरी. गरिबाची कामं अशीच राहतात."

ती मला वाचवत होती. तिला माझ्याशी काही घेणंदेणं नव्हतं, माझ्या हातचं एकदा पाणी प्यायली होती, तेवढंच. कॉन्स्टेबलची बोटं चालू झाली होती. मी म्हणाले, "थांबा. तसं लिहू नका. राहून गेलं नाही. ती आली होती, दोनदा आली होती. तिला परत पाठवलं."

"कोणी?"

मी नाव सांगितलं. पूर्ण नाव, हुद्दा, तेव्हाचं ठाणं.

"तुम्ही होत्या का तिथे?"

"नाही."

"मग कशावरून सांगता?"

"माझे वडील ते. आईनं सांगितलं."

कॉन्स्टेबलनं माझ्याकडे नीट पाहिलं. "ताई, हे लेखी जाईल. पुढे जबानीला बोलावतील."

"येईन. दुकान अकराला उघडते, त्याच्या आधीचं ठेवा."

तिनं लिहिलं. मला हलकं वगैरे काही वाटलं नाही. खांद्यावरचं ओझं उतरतं म्हणतात, ते सिनेमात. एका माणसाचं नाव जिथे असायला हवं होतं तिथे गेलं, इतकंच.

"आता हरवलेल्याचं वर्णन सांगा. उंची?"

पंचफुलाबाई उठली. दाराच्या चौकटीवर हात ठेवून तिनं उंची दाखवली.

"वय?"

"तवा माझ्यापेक्षा लहान होता." ती अडखळली. "आता बी लहानच असन. केस पिकले असतीन पर. दात बी गेले असतीन काही." तिनं चौकटीवरचा हात थोडा खाली घेतला. "वाकला असन थोडा."

"अंगावर काय होतं?"

"हिरवं स्वेटर. उजव्या बाहीचं टोक उसवलेलं. मी विणून देते म्हटलं होतं."

"ओळखण्याची खूण? तीळ, जखमेचा व्रण, काही?"

पंचफुलाबाईनं विचार केला. बाहेर कोणीतरी गाडी सुरू करत होतं, ती होईना.

"हाक मारली ना," ती म्हणाली, "तं तो अगोदर मांग पाहे, मंग थांबे."

कॉन्स्टेबल म्हणाली, "आजी, खुणेच्या रकान्यात हे नाही लिहिता येत."

"लिहा," मी म्हणाले.

तिनं एकदा साहेबांच्या दाराकडे पाहिलं. मग लिहिलं.